नवा अल्बम कसा ऐकायचा अन् मत कधी द्यायचं, कॅसेटच्या दुकानापासून आतापर्यंतचा अनुभव

तुझा प्रश्न मी दोनदा वाचला. थोडक्यात तू असं विचारून राहिला की नवा अल्बम शुक्रवारी येतो, शनिवारी सकाळच्या चहापर्यंत सगळ्यांचं मत देऊन झालेलं असतं, तुझ्या गावात नेट धड चालत नाही, कानात दीडशे रुपयांचा इयरफोन, अन् तू दोन ओळी बोलला की कोणी ना कोणी अंगावर येतं, तर ऐकावं कसं, बोलावं कसं, अन् महागडा हेडफोन नसलेल्या माणसाच्या मताला काही किंमत असते का.

शेवटच्याचं उत्तर आधी देतो. असते. पण तुझ्या कानात जे येऊन राहिलं ते पूर्ण येऊन राहिलं का, हे तुला माहीत पाहिजे.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा-दिग्रसच्या मधातला माणूस. १९९२ ला कॅसेटचं दुकान टाकलं, पुढं सीडी आल्या, मग मेमरी कार्ड भरून द्यायचे दिवस आले, तेही गेले तेव्हा दुकान बंद करून साऊंड-मंडपाचा धंदा धरला, तो अजून चालू आहे. भजन मंडळात पेटी वाजवतो. दर शनिवारी रात्री जेवणं झाली की आमच्या गोडाऊनमध्ये सात-आठ जण जमतो, त्या आठवड्यात आलेला एक अल्बम, फक्त एकच, पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत ऐकतो अन् मग बोलतो. त्यात दोन शेतकरी आहेत, एक मास्तर, एक एसटीतला कंडक्टर, माझी मोठी वहिनी, अन् कॉलेजातले दोन-तीन पोट्टे जे दर दोन वर्षांनी बदलतात. आता जे सांगतो ते त्या बैठकीतून अन् दुकानाच्या काउंटरवरून आलेलं आहे.

१९९८ च्या दिवाळीत एका नव्या गायिकेचा भक्तिगीतांचा अल्बम आला होता. मी दुकानात डेकला हेडफोन लावून ऐकला तर बाईचा आवाज पार आत दाबलेला, विहिरीतून आल्यासारखा, बासरी अन् टाळ समोर अन् गायिका कुठं तरी मागं. मी महिना-दीड महिना येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तेच सांगितलं की गाणी चांगली आहेत पण रेकॉर्डिंग बेकार आहे, नका घेऊ. तेव्हा लोक माझ्या शब्दावर कॅसेट घेत, पन्नास मागवल्या होत्या त्यातल्या चाळीस तशाच पडून राहिल्या. जानेवारीत एका लग्नात दुसऱ्याच्या सेटवर तीच कॅसेट वाजली अन् तो आवाज इतका समोर, इतका स्वच्छ की मी पंगतीतून उठून सेटवाल्याजवळ गेलो. परत येऊन पाहिलं तर माझ्या हेडफोनची पिन डेकमध्ये पूर्ण बसतच नव्हती. त्या पिनेवर तीन भाग असतात, डावा, उजवा अन् अर्थिंगचा. अर्थिंगचा स्पर्श तुटला की दोन्ही बाजूंना जे सारखं आहे ते एकमेकांना खाऊन टाकतं अन् जे वेगवेगळं आहे तेवढंच ऐकू येतं, अन् गायकाचा आवाज तर बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना सारखाच ठेवलेला असतो, म्हणून नेमका तोच जातो. चाळीस कॅसेटचं नुकसान मी भरून काढलं, पण त्या बाईच्या गळ्याबद्दल मी महिनाभर आख्ख्या तालुक्यात खोटं बोलत होतो ते कसं भरून काढणार.

तेव्हापासून माझा एक नेम आहे, नवं काही लावायच्या आधी ओळखीचं गाणं लावायचं. असं गाणं ज्यात कुठं काय वाजतं ते तुला झोपेतही सांगता येईल. माझं आहे एक खंजिरी भजन. आमच्या भागात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची परंपरा, मोझरीचं गुरुकुंज इथून फार लांब नाही, त्यामुळं खंजिरीचा आवाज कसा असतो हे कानात लहानपणापासून बसलेलं. तिच्या चकत्यांचा छनछनाट हा फार वरचा, बारीक आवाज असतो, फाईल जास्त दाबलेली, म्हणजे जागा वाचवायला लहान केलेली असली की तो फोडणीत पाणी पडल्यासारखा चरचरतो, अन् इयरफोनची एक बाजू गेली असली तर तेही तिथंच कळतं. तू तुझं गाणं निवड, कोणतंही असू दे, त्यात एक माणसाचा आवाज, एक खालचं वाद्य म्हणजे डग्गा किंवा ढोलकी, अन् एक टाळासारखं वरचं वाद्य पाहिजे. ते नीट वाजलं की नवा अल्बम लाव. दीडशेचा इयरफोन ह्या परीक्षेत पास झाला तर तो चालतो, मी स्वतः तसा वापरतो. मोबाईलच्या अंगच्या स्पीकरवर मात्र मत देऊ नको, तो डबीएवढा स्पीकर खालचे आवाज काढूच शकत नाही, डग्ग्याचा घुमारा तिथं नुसता टक-टक होतो, अन् मग तू म्हणशील ठेका कोरडा आहे.

तशीच गोष्ट आमच्या मंडपातल्या सेटची. आम्ही बहुतेक वेळा सगळे बॉक्स मोनोवर, म्हणजे डावा-उजवा एकत्र करून चालवतो कारण पाचशे माणसं इकडं-तिकडं बसलेली असतात, अन् घाईत कोणी एकाच चॅनलची वायर जोडली तर अर्धी वाद्यं गायबच. २०१६ मध्ये सैराटची गाणी आली तेव्हा अख्ख्या विदर्भात वरातीत तीच चालू होती. चारच गाणी, पण त्यातला मोठ्या ऑर्केस्ट्राचा भाग अजय-अतुलनं अमेरिकेत लॉस एंजेलिसला जाऊन वाजवून घेतलेला. मी ती गाणी लग्नसराईत शंभरदा वाजवली असतील, अन् व्हायोलिनचा तो ताफा मागं कसा उठतो ते मला पहिल्यांदा कळलं एका रात्री गोडाऊनमध्ये एकट्यानं हेडफोन लावल्यावर. तोपर्यंत मी लोकांना सांगत होतो की नाचायची गाणी आहेत, बस.

आवाज किती ठेवायचा हेही महत्त्वाचं आहे अन् ह्यात चांगले चांगले फसतात. दोन गाण्यांतलं जे थोडंसं मोठ्यानं वाजतं तेच कानाला चांगलं वाटतं, हे मी दुकानात गिऱ्हाइकांवर रोज पाहायचो. अन् हळू आवाजात आपला कान खालचे सूर कमी पकडतो, हे फ्लेचर अन् मन्सन नावाच्या दोघांनी १९३३ मध्येच मोजून ठेवलेलं आहे. म्हणून जुना अल्बम हळू अन् नवा मोठ्यानं ऐकून 'जुन्यात दम नव्हता' म्हणायचं नाही, दोन्ही सारख्या आवाजावर आण अन् मग तुलना कर. ॲपवर बहुतेक गाणी आपोआप एका पातळीला आणलेली असतात, पण मेमरी कार्डातली जुनी फाईल अन् ॲपवरचं नवं गाणं असं समोरासमोर लावशील तर हा घोटाळा होणारच. अन् आवाज फुल करून रोज तास-तास ऐकू नको रे बाबू. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब असा आहे की ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास चालतात, पण ९० डेसिबलला फक्त ४. माझ्या डाव्या कानात पंधरा वर्षांपासून शिट्टी वाजून राहिली, सेटच्या बाजूला उभा राहून राहून झालेलं आहे, ते आता जात नाही.

आता नेटचं. १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीला मिनिटाला साधारण एक एमबी लागतो, ३२० ची असली तर अडीचच्या जवळ, म्हणजे चाळीस मिनिटांचा अल्बम ४० ते १०० एमबीत बसतो. सीडीच्या दर्जाचा न दाबलेला घेशील तर तोच ४०० च्या वर जातो, अन् ब्लूटूथ लावून ऐकणार असशील तर त्याचा फायदा नाही, कारण ब्लूटूथ तो आवाज परत दाबूनच पाठवतो. म्हणून ॲपमध्ये डाउनलोडची सोय वापर, पहाटे चार-पाचला नेट मोकळं असतं तेव्हा उतरवून घे अन् फोन फ्लाइट मोडवर टाकून ऐक. मधात अटकत अटकत ऐकलेल्या गाण्यावर मत देता येत नाही, लय तुटली की सगळंच तुटलं.

अल्बम ह्या शब्दाचाही आपल्याकडं गोंधळ आहे. आपल्या गावात पोट्टे एकाच व्हिडिओ गाण्याला 'अल्बम' म्हणतात, अमक्याचा नवा अल्बम आला म्हणजे एक गाणं, त्यात एक मोटारसायकल अन् एक पोरगी. मी म्हणून राहिलो तो अल्बम म्हणजे पाच-सात-दहा गाण्यांचा गठ्ठा जो कोणी तरी विचार करून एका क्रमानं लावलेला आहे. पूर्वी तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच बसत, तर अशा तबकड्या फोटोच्या अल्बमसारख्या जाड वहीत घालून विकायचे, तिथून हा शब्द आला. मग १९४८ मध्ये लाँग प्ले आली, एका बाजूला वीस-बावीस मिनिटं, अन् आपल्या वेळच्या साठ मिनिटांच्या कॅसेटला एका बाजूला तीस. कॅसेट काढणारे पहिल्या बाजूचं पहिलं अन् दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं जोरदार ठेवायचे, अन् हळुवार, अवघड गाणं बाजूच्या शेवटी, कारण पुढं ढकलत जाणं त्रासाचं होतं, माणूस ते ऐकून घ्यायचा. आता उलटं झालं. मोठ्या ॲपवर तीस सेकंद ऐकलं की ते गाणं एकदा वाजलं म्हणून मोजलं जातं, तर सुरुवातीचा म्युझिक पीस छाटून पहिल्या दहा सेकंदांतच मुखडा आणून ठेवतात. हे माहीत असलं की नव्या अल्बमात कोणी एक मिनिटभर नुसती सारंगी वाजू दिली तर त्याची हिंमत तुला कळते.

म्हणून पहिलं ऐकणं क्रमानं. शफल बंद कर, एकही गाणं पुढं ढकलू नको, आवडलं तरी परत मागं नेऊ नको, फोन पालथा ठेव. आमच्या बैठकीत त्या वेळात कोणी बोलत नाही, खर्रा घोटायचा तर बाहेर जायचं. त्या दिवशी जाहीर मत देऊ नको, मनात काय आलं ते वहीत चार शब्दांत लिही अन् झोप.

दुसरं ऐकणं कामात. मी तुला सांगतो, डिसेंबरात हरभऱ्याला पाणी द्यायला रात्री वावरात जावं लागतं कारण थ्री फेज रात्री बारानंतर येते, तेव्हा मी एका कानात इयरफोन घालतो, दुसरा कान मोकळा, कारण रानडुकरं कधी धुऱ्यावरून उतरतील सांगता येत नाही. त्या वेळी लक्ष अर्धंच असतं, पण म्हणूनच एक गोष्ट कळते, कोणती ओळ आपोआप ओठांवर आली अन् कोणतं गाणं कधी सुरू झालं अन् कधी संपलं ते समजलंसुद्धा नाही.

तिसरं ऐकणं चार-पाच दिवसांनी, वही घेऊन, अन् ह्या वेळी थांबवत, मागं नेत. ह्याच्यात एक धोका आहे तोही सांगतो. झायोंत्स नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९६८ मध्ये दाखवलं की माणसाला एखादी गोष्ट वारंवार समोर आली की ती नुसत्या सवयीनंच आवडायला लागते. दहा वेळा वाजवलं की बरंचसं गाणं गोडच लागतं. म्हणून पहिल्या रात्री लिहिलेले ते चार शब्द फाडायचे नाहीत, तिसऱ्या वेळच्या मताच्या बाजूला ठेवायचे, अन् दोन्हीत फरक असला तर तो का पडला ते शोधायचं. कधी गाणं खरंच खोल असतं अन् उशिरा उलगडतं, कधी आपण नुसते सरावलेलो असतो. कापसाचा व्यापारी बंडीतला वरचा कापूस पाहून भाव करत नाही, मधातून मूठ काढतो, खालून काढतो, बोटात धागा ओढून पाहतो, तसं हे आहे.

आता बोलायचं कसं. तुझ्यावर लोक का धावतात ते तुझ्या दोन ओळींतच मला दिसलं. तू म्हटलं 'बकवास अल्बम, काहीच नवीन नाही'. ह्यात दुसऱ्याला धरायला काहीच नाही, त्याला आवडला असला तर तो फक्त चिडू शकतो. हेच तू असं म्हटलं असतं की चौथ्या गाण्यात दुसऱ्या अंतऱ्याला ठेका अचानक दुप्पट होतो अन् शब्द समजेनासे होतात, तर चिडलेला माणूससुद्धा ते गाणं परत लावून पाहतो. आमच्या बैठकीत 'भारी' अन् 'बेकार' हे दोन शब्द बंद आहेत, त्याऐवजी कितवं गाणं, कितवं मिनिट, कोणतं वाद्य, कोणता शब्द ते सांगायचं. ठिकाण सांगितलं की भांडण आपोआप कमी होतं, कारण मग सगळे मिळून त्या ठिकाणी कान लावतात.

ह्याचा सगळ्यात मोठा धडा मला वहिनीनं दिला. मागच्या पावसाळ्यात एका नव्या मुलाचा अल्बम लावला होता, पोट्टे खूश, मास्तर खूश, मीही. वहिनी जास्त बोलत नाही, ती बायकांच्या भजन मंडळात पुढं गाते. सगळ्यांचं झाल्यावर म्हणाली, "तिसऱ्या गाण्यात तो पोरगा श्वास काहून घेत नाही? मले ऐकता ऐकता गुदमरल्यासारखं झालं."

परत लावलं. खरंच, सव्वा मिनिटाचा अख्खा अंतरा, एवढ्या लांब ओळी, अन् मधात कुठंही श्वास नाही. कॉम्प्युटरवर श्वास कापून ओळी जोडून टाकल्या होत्या. ऐकणाऱ्याला सांगता येत नाही पण छातीत काही तरी अडकतं. त्या दिवसापासून मी प्रत्येक नव्या अल्बमात श्वास ऐकतो. दुसरी अशीच गोष्ट म्हणजे मींड. एका सुरावरून दुसऱ्या सुरावर घसरत जाणं, आपलं अर्धं गाणं त्यातच आहे. १९९७ मध्ये ऑटोट्यून आलं, सूर सरळ करून देणारं, ते हलक्या हातानं वापरलं तर कळतही नाही, पण कसून लावलं की मींडेची पायरी-पायरी होते, घसरगुंडीच्या जागी जिना. काही रॅपवाले मुद्दाम तसं करतात, तिथं तो त्यांचा रंग आहे, तिथं दोष काढू नको. पण विठ्ठलाच्या अभंगात तसं झालं तर सांग, कोणत्या शब्दावर झालं ते सांग.

शब्दांकडं कान द्यायला मास्तरांनी शिकवलं. मराठीत दोन च आहेत, चंद्रातला वेगळा अन् चांदण्यातला वेगळा. माझा अन् माझी ह्यातला झसुद्धा वेगळा. बाहेरचा गायक मराठी गाताना ह्या दोन्हीची सरमिसळ करतो, अन् कंपनीत कोणी थांबवत नाही. हे ऐकू आलं की जरूर लिही. पण वऱ्हाडी गाणं असलं अन् कोणी डोळ्याला 'डोया' अन् केळीला 'केयी' म्हटलं तर तो उच्चाराचा दोष नाही, आपली बोली तशीच आहे, अन् जे त्याला गावंढळ म्हणतात त्यांना तू शांतपणे हे समजावून सांगितलं पाहिजे. मला ह्या बाबतीत राग येतो, मी लपवत नाही. आपल्या बोलीत कोणी पैसा लावून अल्बम काढतं अन् पहिलीच प्रतिक्रिया 'भाषा सुधारा' अशी येते, तेव्हा आपण गप्प बसायचं नाही.

अल्बम कशासाठी काढला तेही पाहावं लागतं. दुकानात माझी सगळ्यात जास्त विक्री व्हायची १४ एप्रिलच्या आधीचे पंधरा दिवस अन् मग दसऱ्याला दीक्षाभूमीवर जाणारे लोक नागपूरला निघायचे तेव्हा, नवी भीमगीतं दोन्ही वेळेला येत. एका वर्षी आमच्यातल्या कॉलेजच्या पोट्ट्यानं असा एक अल्बम रात्री हेडफोनवर ऐकून म्हटलं की कोरस फार सोपा आहे, तीच ओळ आठ वेळा. मास्तर म्हणाले, "बापा, हे चालता चालता हजार माणसानं उचलाचं गाणं हाये, तू मिरवणुकीत ऐकलं काय?" मिरवणुकीत ऐकल्यावर पोट्ट्यानं स्वतःहून मत बदललं. पण मास्तरांनीच त्याच अल्बममधल्या दुसऱ्या गाण्यावर टीका केली, की बाबासाहेबांचं नाव बारा वेळा आहे अन् विचार एकही नाही, वामनदादा कर्डकांचं ऐकलेल्या माणसाला हे पुरत नाही. दोन्ही मतं एकाच माणसाची, अन् दोन्ही बरोबर.

तसंच लेंगीचं. आमचा कंडक्टर तांड्यावरचा आहे. बंजारा समाजात होळीला लेंगी गातात, डफावर, जमून. एक नवा लेंगीचा अल्बम आला, मला तर फार आवडला, चकाचक वाजवलेला. कंडक्टर म्हणाला, "भाऊ, यात ओढणारा बी तोच अन् उचलणारा बी तोच, एकाच पोराचा आवाज चारदा लावला, तांड्यावर असं कोणी गाते काय." मला हे कधीच कळलं नसतं. जे गाणं आपल्या घरातलं नाही त्यावर बोलायच्या आधी ज्याच्या घरातलं आहे त्याला ऐकव, अन् तुझ्या मतात त्याचं म्हणणं त्याच्या नावानं सांग.

सगळ्यात नाजूक भाग म्हणजे आपल्याच भागातल्या कलाकाराचा अल्बम. सात-आठ वर्षं झाली. शेजारच्या गावातल्या एका पोरानं घरीच सहा गाणी रेकॉर्ड केली होती, खोलीत गोधड्या टांगून, बापाच्या सोयाबीनच्या पैशातून माईक आणून. मोठ्या आशेनं आमच्या बैठकीत घेऊन आला. ऐकून झालं, सगळे माझ्याकडं पाहून राहिले होते, अन् मी सगळ्यांसमोर म्हटलं, "सूर लागत नाही तुझा." तो हसला, चहा प्यायला, गेला. दोन वर्षं त्यानं गाणं म्हटलं नाही, हे मला त्याच्या बापानं दारव्ह्याच्या बाजारात सांगितलं, रागानं नाही, नुसतं सांगितलं.

मी पेटीवाला माणूस. मला त्या रात्री दिसत होतं की तो पोरगा काळी तीनमधून, म्हणजे वरच्या पट्टीतून गाऊन राहिला, कोण्या तरी गाजलेल्या गाण्याची पट्टी तशीच उचलून, अन् त्याचा गळा त्याच्या खालच्या पांढरी दोनचा आहे. वर गेला की ताणत होता, ताणला की उतरत होता, खालच्या जागा तर सुरेख होत्या. हे मला माहीत होतं अन् मी ते सांगितलं नाही, जे सोपं होतं ते सांगितलं. 'पट्टी खाली घे' म्हटलं असतं तर त्याच आठवड्यात त्यानं परत गाऊन पाहिलं असतं. मी त्याच्या घरी जाऊन हे सांगितलं, पेटी सोबत नेली होती. आता तो गातो, लग्नातल्या ऑर्केस्ट्रात जातो, पण ती दोन वर्षं माझ्या खात्यात आहेत. तेव्हापासून गावातल्या, ओळखीतल्या कोणाचाही अल्बम असला तर आधी त्याला एकट्याला सांगतो, मग चारचौघांत, अन् चारचौघांत तेवढंच जे त्याला आधी सांगून झालं आहे. खोटी स्तुती मात्र करत नाही. 'आपला पोरगा आहे, छान म्हणा' हेही नुकसानच करतं, पोट्टा त्याच भरवशावर दुसरं कर्ज काढतो.

अन् वाद झालाच तर? समोरचा म्हणतो हेच गाणं सगळ्यात सुंदर, तू म्हणतो हेच कमजोर. मी त्याला विचारतो, तू कुठं ऐकलं, कशावर ऐकलं, कितीदा. अर्ध्या वेळेला उत्तर तिथंच निघतं, तो ट्रॅक्टरवर ऐकून राहिला अन् मी गोडाऊनमध्ये. उरलेल्या अर्ध्यात खरंच आवड वेगळी असते, तिथं मी दोन्ही मतं वहीत लिहून ठेवतो अन् विषय सोडतो. तूही मत टाकताना वर एक ओळ लिहीत जा की इयरफोनवर, तीनदा, क्रमानं ऐकला. एवढ्यानं वाचणाऱ्याला तुझ्या मताचं वजन कळतं.

उशीर होण्याची भीती सोड. शुक्रवारी अल्बम काढायचा हे सगळ्या जगात १० जुलै २०१५ पासून ठरलं, त्याच्या आधी प्रत्येक देशाचा वार वेगळा होता, अन् आमच्या दुकानात तर नागपूरहून पार्सल येईल तो दिवस. कधी मुंबईत कॅसेट निघून वीस दिवस झालेले असायचे, तरी लोक येऊन तेवढ्याच आवडीनं विचारायचे की नवीन काय आलं अन् कसं आहे. दहा दिवसांनी दिलेलं मतही वाचणारे वाचतात. पहिल्या दिवशीच्या गर्दीत तुझ्या दोन ओळी तशाही वाहून जातात.

एक करून पाह. ह्या शुक्रवारी जो येईल त्यातला एकच अल्बम घे, बाकीचे सोड, अन् पुढच्या रविवारी मला पाच-सात ओळी पाठव, प्रत्येक ओळीत गाण्याचा नंबर अन् मिनिट असलं पाहिजे. पांढरकवड्याहून इकडं यायला जमलं तर शनिवारी मुक्कामालाच ये, वहिनीच्या हातची भाकर अन् ठेचा आहे, गोडाऊनमध्ये झोपायची सोय आहे. येताना तो दीडशेचा इयरफोन आठवणीनं आण, आधी त्याची पिन पाहून घेऊ.